चित्राखालची दोन नावं

मंडळी, आज पाणी नाही, रस्ते नाहीत, निवडणूक नाही. आज कॉमिक्सबद्दल लिहितोय. पोरखेळ वाटला तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय फिरून आपल्या गोवंडीतच येतो.

मोबाइलवर रोज अशी चित्रं आपल्यासमोर येतात. चार-सहा चौकटी, दोन पात्रं, फुग्यात लिहिलेलं बोलणं. आपण हसतो आणि ग्रुपवर ढकलून देतो. ही काढणारी बरीच पोरं-पोरी कुठल्याही पेपरात नोकरीला नाहीत. स्वतःच सुचवायचं, स्वतःच काढायचं, रंगवायचं आणि इन्स्टाग्रामवर टाकायचं. पगार नाही, संपादक नाही, ऑफिस नाही. यांना स्वतंत्र वेबकॉमिक कलाकार म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतंत्र म्हणजे एकटा असा अर्थ कुणी घेऊ नये. एकटा काढणारा लवकर थकतो. जो टिकतो तो सोबत्यांच्या जोरावर टिकतो. आणि सोबत टिकवायची तर दोन गोष्टी सरळ लागतात, नाव आणि हिशेब.

पूर्वी सोबत आपोआप मिळायची, कारण ऑफिसात टेबल असायचं. मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे एका काळी सहकारी होते. पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या ते सगळ्यांना माहीत आहे, पण मैत्री राहिली. १९६० मध्ये 'मार्मिक' निघालं तेही बाळ आणि श्रीकांत या दोन भावांनी मिळून काढलं. दिवाळी अंकांनी तर कित्येक व्यंगचित्रकारांना वर्षातून एकदा एकाच अंकात शेजारी शेजारी बसवलं.

माझ्या पिढीला जवळचं उदाहरण 'चिंटू'चं. १९९१ मध्ये तो 'सकाळ'मध्ये सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. पेपर आला की आधी चिंटू, मग बाकीचं जग. चिंटूचे जनक दोन, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. रेषा पंडितांची, पण वाडेकरांचं नाव कुणी गाळलं नाही. वर्षानुवर्षं रोज एक नवी गंमत सुचवायची हे एका डोक्याचं काम नव्हेच. २०१२ मध्ये चिंटूवर सिनेमा आला, तोवर ही जोडी घराघरांत माहीत झाली होती.

आता ते टेबल गेलं. मग आजच्या पोरांनी काय केलं? स्वतःचं टेबल मांडलं.

'कडक' हा गट बघा. २०१६ मध्ये आठ जणी एकत्र आल्या. कुणी मुंबईची, कुणी बंगळुरूची, कुणी लंडनमध्ये राहणारी. मुंबईच्या मीरा मल्होत्रा, बंगळुरूच्या आरती पार्थसारथी अशी त्यातली नावं. चहा कडक असतो तसा कडक. प्रत्येकीची शैली वेगळी, कामही ज्याचं त्याचं, पण मांडायला सगळ्या एकत्र. पुढे त्यांनी 'बायस्टँडर' नावाचा मोठा संग्रह केला. त्यात दक्षिण आशियातल्या कितीतरी चित्रकार-लेखकांना जागा दिली आणि छपाईचा पैसा लोकवर्गणीतून उभा केला. एकटीच्या पोस्टला कुणी वर्गणी दिली असती का?

मराठीत काढणाऱ्यांना आणखी एक अडचण असते, अक्षरांची. फुग्यात मराठी लिहायला घेतलं की काही ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, मात्रा वरच्या ओळीला टेकतात. इथेही सोबतच कामाला आली. मुंबईतल्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट केले आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. कॉमिकच्या फुग्यात बलू छान बसतो. तो करणाऱ्यांना आपण कधी भेटणारही नाही, पण आपल्या पोरांच्या चौकटीत त्यांची मेहनत आहे.

सोबत फक्त कामापुरती नसते, अडचणीतही लागते. रचिता तनेजा २०१४ पासून 'सॅनिटरी पॅनेल्स' काढतात. काडीसारखी माणसं, पण बोलणं धारदार. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या चित्रांवरून सुप्रीम कोर्टाची अवमानाची नोटीस निघाली. २०२४ मध्ये त्यांनाच व्यंगचित्रकलेतल्या धैर्यासाठी कोफी अन्नान यांच्या नावाचा पुरस्कार जिनिव्हात मिळाला. चित्रं पटोत न पटोत, तो तुमचा प्रश्न. माझा मुद्दा वेगळा आहे. पेपरात नोकरीला असलेल्या व्यंगचित्रकारावर नोटीस आली तर मालकाचा वकील उभा राहतो. स्वतंत्र काढणाऱ्याची नोटीस थेट घरी येते, आई दार उघडते. अशा वेळी दहा ओळखीचे कलाकार फोन करतात की गप्प बसतात, यावर पुढचं चित्र निघणार की नाही ते ठरतं.

आता कडू भाग. दोस्ती मोडते कुठे? पैशावर आणि नावावर.

ओळखीतल्या दोन पोरांची गोष्ट सांगतो, नावं देत नाही. एक लिहायचा, एक काढायचा. आपल्या गल्लीची भाषा, अर्धी मराठी अर्धी बंबइया, झकास जमायचं. एका क्लासवाल्याने जाहिरातीसाठी चार कॉमिक मागितली, दोन हजार रुपये ठरले. पैसे काढणाऱ्याच्या यूपीआयवर आले. त्याने लिहिणाऱ्याला पाचशे दिले. म्हणाला, "तू तो सिर्फ लिखा है ना." लिहिणारा भांडला नाही. नुसता यायचा बंद झाला. महिनाभरात पेज थांबलं. दोघंही चांगली पोरं, वाईट कुणीच नव्हतं. फक्त आधी बोलणं झालं नव्हतं.

"दोस्तीत कसला हिशेब?" असं आपल्याकडे फार अभिमानाने म्हणतात. मी म्हणतो, दोस्ती प्यारी असेल तर हिशेब आधी करा. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या तरी पुरे. कथा कुणाची, चित्र कुणाचं, अक्षरं कुणाची, पैसा आला तर वाटा किती, आणि एक जण सोडून गेला तर पात्रं कुणाकडे राहणार. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

कायदाही थोडा माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र काढलं, कथा लिहिली की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी "हे माझं काम आहे" असं म्हणण्याचा कलाकाराचा अधिकार संपत नाही. फोनवर "सर, सगळे राइट्स आमचे" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कागद मागा, वाचा, मग सही करा.

दुसरा धोका उलटा आहे. दोस्तांचा कंपू होतो. तू माझ्या चित्राला बदाम दे, मी तुझ्या. अशी वाहवा फुकट असते आणि तिची किंमतही तेवढीच. "हा जोक जमला नाही, तिसरी चौकट काढून टाक," असं तोंडावर सांगणारा एक मित्र लागतो. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, पण बातमी लिहायला शिकलो ते माझा कागद लाल करणाऱ्या उपसंपादकाकडून. वेबकॉमिकवाल्यांकडे उपसंपादक नाही, ते काम मित्रालाच करावं लागतं.

आता गोवंडी. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग पेटलं. धूर दिवसेंदिवस राहिला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हाचे फोटो बघा, कचऱ्याचा डोंगर आणि धूर. बाहेरचा कॅमेरा अजून त्याच डोंगराकडे वळतो. त्या धुरात गृहपाठ करणारी पोरगी, शिवाजी नगरच्या जरीच्या कारखान्यातला पोऱ्या, बैंगनवाडीतली नळावरची भांडणं आणि त्यातला विनोद, हे आतल्या माणसालाच काढता येतं.

आणि आपल्याकडे हे होऊ शकतं, झालेलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. आपल्याच पोरांनी रॅप, नाटक, फोटो, फिल्म केली, कंदील घेऊन मिरवणूक काढली. तिथेच 'किताब महल' नावाचं वाचनालयही आहे. म्हणजे पोरं आहेत, हौस आहे. हवी आहे ती दर आठवड्याला बसायची जागा.

टॅब्लेट नाही म्हणून कुणी थांबू नये. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने देशभर साध्या लोकांना कॉमिक काढायला शिकवलं. पद्धत सोपी. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी, काळं पेन, मग झेरॉक्स काढून भिंतीवर. त्याचाच फोटो मोबाइलवर टाकला की झालं वेबकॉमिक. जपानचं कॉमिकेट आज लाखो लोकांची जत्रा आहे. १९७५ मध्ये टोकियोत ती सुरू झाली तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. आपल्याला ३२ नकोत, तीन गट पुरे.

म्हणून तीन मागण्या.

एम-पूर्व विभागाच्या अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना: शनिवारी संध्याकाळी पालिकेच्या एका शाळेतला एक वर्ग उघडा ठेवा. बाकडी आहेत, फळा आहे, फक्त चावी आणि लाइट द्या.

दुकानदार, क्लासवाले, संस्थावाले यांना: पोरांकडून चित्र घेतलं तर पैसे द्या. "तुमचं नाव होईल" याने रिचार्ज होत नाही.

आणि आपल्या सगळ्यांना: फॉरवर्ड करताना खालची सही कापू नका. त्या कोपऱ्यातल्या दोन नावांमागे दोघांची रात्रीची झोप असते.

तुमच्या गल्लीत कुणी काढत असेल, लिहीत असेल, तर त्याला विचारून कमेंटमध्ये त्याच्या पेजचं नाव टाका. काढणाऱ्याला लिहिणारा आणि लिहिणाऱ्याला काढणारा शोधून द्यायचं काम मी करतो. आणि ही पोस्ट पटली तर पुढे पाठवा. नावासकट.