हाय खाल्ल्याने पोटाचा कर्करोग होतो काय?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रोगाविषयीच्या शंकांपेक्षा घरच्या माणसांविषयीच्या शंकाच पुष्कळदा अधिक असतात. असेच एक पत्र वाईहून आले आहे. लेखिका सुशिक्षित असून एका मोठ्या एकत्र कुटुंबातील धाकट्या सूनबाई आहेत. त्यांच्या सासूबाई जठराच्या कर्करोगाने वारल्या. समाचारास आलेल्या नातलगांत कुजबूज सुरू झाली आणि तेराव्या दिवसापर्यंत तिचा निवाडाच होऊन बसला : धाकट्या मुलाने चार वर्षांपूर्वी लग्न होताच पुण्यास बिऱ्हाड थाटले, सुनेने नोकरी सोडली नाही, म्हातारीने त्याची हाय खाल्ली आणि तिच्या पोटात हा रोग उत्पन्न झाला. बाईंनी फार काही लिहिलेले नाही. हे खरे असू शकेल काय, एवढेच त्यांनी विचारले आहे.

उत्तर प्रथमच देऊन टाकतो : नाही. परंतु ज्या समजुतीवर हा निवाडा उभा आहे ती समजूत सर्वस्वी वेडगळ आहे असे मात्र नव्हे, आणि म्हणूनच तिचा थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे.

मन आणि जठर यांचा निकट संबंध आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. बेताने घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय आणि क्रोध यांच्यामुळे पचत नाही, असे चरकसंहितेत सांगितलेलेच आहे. पाश्चात्त्यांस या गोष्टीचे प्रत्यक्ष दर्शन एका चमत्कारिक अपघाताने घडले. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास पोटात बंदुकीचा बार लागला. तो वाचला, परंतु जठरापर्यंत गेलेले भोक कायमचे उघडे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने त्या खिडकीतून कित्येक वर्षे पाचनक्रिया पाहिली आणि १८३३ साली तिजवर ग्रंथ लिहिला. तो तरुण संतापला की जठराच्या अस्तराचे रूप पालटे व पचन बिघडे, अशी नोंद त्याने केली आहे. पुढे १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी उंदरांस थंडी, इजा, अतिश्रम असे निरनिराळे त्रास देऊन पाहिले, तेव्हा त्रास कोणताही असो, जठरात व्रण पडलेले आढळले. आज जो तो ‘ताण’, ‘ताण’ म्हणतो, त्या शब्दाची शास्त्रीय कारकीर्द येथून सुरू झाली असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा काळजीने भूक मरते, आम्लपित्त उसळते, पोटात गोळा उठतो, हे सर्व खरे. परंतु पोट बिघडणे ही एक गोष्ट आणि पोटात कर्करोग उत्पन्न होणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर आपण बोलण्याच्या ओघात सहज ओलांडून जातो.

वाईकरांस याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. तेथे १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन केले. त्या काळी क्षयाविषयी घरोघर काय बोलले जात असे? अमकी नवऱ्याच्या विरहाने झुरली, तमका भाऊबंदकीने खंगला. थोरल्या माधवरावांचे १७७२ साली थेऊर येथे क्षयाने, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी देहावसान झाले. त्याचाही दोष चुलत्याच्या कलहास देण्याचा मोह कित्येकांस आवरत नाही. वस्तुतः क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. शोकाने देह दुर्बल होतो आणि दुर्बल देहात जंतूचे फावते, एवढे खरे. परंतु जंतूवाचून क्षय नाही.

जठरव्रणाची कथा तर अगदी अलीकडची. आमच्या पिढीपर्यंत हा काळजी करणाऱ्या, घाईगर्दीने जेवणाऱ्या माणसाचा रोग समजला जाई आणि त्यास दूध, विश्रांती व मनःशांती यांचा उपदेश होई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठराच्या अस्तरात राहणारा एक नागमोडी जंतू १९८२ साली वाढवून दाखविला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे आजचे नाव. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचे पाणी स्वतःच प्राशन केले आणि थोड्याच दिवसांत जठरदाहाने ते आजारी पडले. (असले धाडस वाचकांनी करू नये, हे सांगणे नलगे.) २००५ साली या उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक जठरव्रणांचे मूळ या जंतूत किंवा सांधेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांत असते, हे आता निर्विवाद आहे.

आता मुख्य रोगाकडे वळू. याच जंतूची गणना १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कर्करोग उत्पन्न करणाऱ्या निश्चित कारणांत केली. त्याचा संसर्ग बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच होतो. प्रथम जठरास जुनाट दाह होतो, दाहाने अस्तर झिजते, झिजलेल्या ठिकाणी आतड्याच्या जातीचे अस्तर उगवते आणि क्वचित कोठे त्यातून पुढे दुष्ट पेशी निपजतात. ही वाट कोरिया नावाच्या कोलंबियातील शास्त्रज्ञाने दाखवून दिली. ती चालावयास रोगास कित्येक दशके लागतात. वाईच्या भगिनींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. त्यांच्या सासूबाईंच्या जठरात या रोगाची पूर्वतयारी सुरू झाली असेल, तर ती सूनबाई घरात येण्याच्या पुष्कळ अगोदर. कदाचित त्यांच्या जन्माच्याही अगोदर. चार वर्षांचे वेगळे बिऱ्हाड त्यास कारण होणे शक्य नाही.

एकटा जंतूही पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतात हा जंतू फार मोठ्या संख्येने लोकांच्या जठरात असूनही जठराचा कर्करोग जपान-कोरियाच्या मानाने कमी आढळतो, हे कोडे शास्त्रज्ञांस अद्याप पुरते उलगडलेले नाही. आपल्याच देशात मिझोराममध्ये मात्र तो फार. तेथील धुरावलेले व खारावलेले मांस आणि तंबाखूचे नाना प्रकार यांच्याकडे अभ्यासक बोट दाखवितात. अति मीठ आणि तंबाखू ही कारणे सर्वत्र मान्य आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून काम करणारे आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाचा माग काढताना लोक काय चघळतात, काय ओढतात, काय नेसतात याचीच कसून चौकशी केली. कमरेस घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणाने त्या जागी होणारा कर्करोग त्यांनी १९४५ साली वर्णन केला. सासुरवासाची चौकशी त्यांनी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही! सातारा जिल्ह्यातील कित्येक घरांत वडीलधाऱ्या बायका सकाळी दातांस मिश्री लावतात, आणि मन उदास असले की ती दिवसातून चार वेळा लागते. चिंतेला कर्करोगापर्यंत पोहोचावयाचे असेल तर तिला अशा एखाद्या आडवाटेने जावे लागते.

सरळ वाट आहे की नाही, हे पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ज्यांच्या मुलांना कर्करोग झाला अशा डेन्मार्कमधील ११,३८० मातापित्यांचा मागोवा घेण्यात आला. त्याहून मोठे दुःख ते कोणते? त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले. युरोपातील सुमारे १,१६,००० लोकांच्या पाहणीत कामाच्या ताणाचा आणि एकंदर कर्करोगाचा संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष २०१३ सालचा. याच्या उलट, उंदरांच्या जठराकडे जाणारी मज्जा तोडली असता तेथील कर्करोगाची वाढ मंदावते, असे २०१४ साली दिसून आले. म्हणजे मज्जातंतूंचा या रोगाच्या वाढीशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. शास्त्राने हे दार अद्याप लावून घेतलेले नाही. परंतु उंदराच्या मज्जेवरून सुनेच्या वर्तनापर्यंत येणे म्हणजे फारच लांब उडी झाली. शिवाय, रोग झाल्यावर मागे वळून पाहिले की प्रत्येकास एखादे दुःख सापडतेच. आणि कित्येकदा आरंभीच्या रोगानेच अन्नावरची वासना जाऊन माणूस खिन्न, चिडचिडे होते. आपण कार्यास कारण समजून बसतो.

एवढ्यावर थांबलो असतो, परंतु या समजुतीचे दुसरे फळ पहिल्याहून कडू आहे. ‘काळजीने पोट बिघडले’ असे घरात एकदा ठरले, म्हणजे मग तपासणी कशाची करावयाची? सुंठ-साखर, धने-जिऱ्याचे पाणी, पित्ताची गोळी आणि ‘आई, आता कशाचीही चिंता करू नका’ हा उपदेश, यांत सहा-आठ महिने सहज जातात. एकत्र कुटुंबात तर ही दिरंगाई अधिकच. पुरुष आणि मुले आधी जेवतात, बायका मागाहून, आणि घरची वडील स्त्री सर्वांच्या शेवटी. तिने अर्धी पोळी खाल्ली की दीड, हे पाहावयास पंगतीत कोणी उरलेलेच नसते. चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे हे या रोगाचे एक जुने लक्षण. पण आमच्याकडे त्यास एकादशी, चातुर्मास, सोमवार यांचा आडोसा मिळतो. खाणे सुटत जाते आणि घरची माणसे कौतुकाने म्हणतात, आईंचे अलीकडे व्रतवैकल्य वाढले आहे! लुगडे सैल होऊ लागले तरी ‘वयच आता ते’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. कृष्णाबाईच्या उत्सवाच्या पंगतीत दोनशे पानांवर वाढणाऱ्या बाईच्या पानात काय पडले, हे विचारण्याचे काम घरातल्या एका कोणाकडे तरी असावयास हवे.

पन्नाशी उलटल्यावर नव्याने जडलेले आणि महिना-पंधरा दिवसांत न हटणारे अपचन, लवकर पोट भरणे, विनाकारण वजन उतरणे, वारंवार वांती, गिळताना अडकणे, रक्त कमी होऊन येणारा थकवा, शौचास डांबरासारखे काळे होणे (लोहाच्या गोळ्या चालू असल्यास रंग तसाही काळा दिसतो), यांपैकी काहीही असले तर घरात कोण कोणाशी बोलत नाही हा विचार बाजूस ठेवून सरळ साताऱ्यास किंवा पुण्यास नेऊन पोटाची दुर्बीण करून घ्यावी. काही मिनिटांचे काम असते. संशयास्पद जागेचा तुकडाही तेव्हाच काढता येतो. रोग अस्तरापुरता असताना सापडला तर बहुतांशी बरा होतो, उशिरा सापडला तर क्वचितच.

सूनबाईंच्या घरापुरते एक काम अजून शिल्लक आहे, आणि तेराव्यास जमलेल्या इतक्या शहाण्या माणसांपैकी एकासही ते सुचले नाही याचे नवल वाटते. मृत व्यक्तीची मुले आणि भावंडे यांना हा रोग होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. दक्षिण कोरियात अशा आप्तांपैकी जंतूचा संसर्ग असलेल्या १,६७६ जणांवर प्रयोग करून त्याचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे ९ वर्षांच्या अवधीत, जंतुनाशक औषध दिलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांस व न दिलेल्यांपैकी २.७ टक्के लोकांस जठराचा कर्करोग झाला. तेव्हा बाईंनी आपले यजमान, थोरले दीर आणि सासरी गेलेल्या नणंदा या सर्वांस डॉक्टरांकडे जाऊन या जंतूची तपासणी करून घेण्यास सांगावे. ती श्वासावरून किंवा शौचावरून होते. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांस विचारून त्या आधी दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. सापडल्यास औषध साधारण चौदा दिवसांचे. तोंड कडू होते, कोणाकोणास मळमळते, पण मध्येच सोडता कामा नये, आणि महिन्याभराने तो खरोखर गेला की नाही हे पुन्हा तपासून पाहावे.