चिनी डॉक्टरांनी इंग्रजी कसे शिकावे?

वैद्यकातील दोन इंग्रजी शब्द आधी मोठ्याने वाचा : हायपोग्लायसेमिया आणि हायपरग्लायसेमिया. कानाला ते जवळजवळ सारखेच वाटतात. पण पहिल्याचा अर्थ रक्तातील साखर फार उतरणे, आणि दुसऱ्याचा अर्थ ती फार चढणे. पहिल्या रुग्णाला ताबडतोब साखर द्यावी लागते. दुसऱ्याला इन्शुलिन देण्याची वेळ येते. उलटापालट झाली आणि साखर आधीच उतरलेल्या माणसाला इन्शुलिन टोचले गेले, तर त्याच्या जिवावर बेतते. चिनी भाषेत हेच शब्द 'दी-श्वे-थांग' आणि 'गाओ-श्वे-थांग' असे आहेत. दी म्हणजे खालचे, गाओ म्हणजे उंच, श्वे म्हणजे रक्त आणि थांग म्हणजे साखर. वैद्यकाचा गंध नसलेल्या चिनी शाळकरी मुलालाही यातला फरक कळतो.

आता बीजिंगच्या एखाद्या परिचारिकेच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिने सारे शिक्षण चिनीतून घेतले आहे, काम तिला उत्तम येते, आणि समोर एक इंग्रजी नियतकालिक पडले आहे. तिला ज्ञान नाही असे कोणी म्हणणार नाही. फक्त जे तिला ठाऊक आहे तेच तिला परक्या वेषात ओळखता येत नाही.

हा वेष उतरवायचा कसा? माझ्या मते, याची किल्ली तिच्या स्वतःच्या भाषेतच आहे. चिनीत यकृताच्या दाहाला 'गान-येन' म्हणतात, फुप्फुसाच्या दाहाला 'फेइ-येन', मूत्रपिंडाच्या दाहाला 'शन-येन'. यातले 'येन' हे अक्षर लिहिताना 'अग्नी' हे चिन्ह एकावर एक असे दोनदा काढतात. आपण मराठीत यकृतदाह म्हणतो. दाह म्हणजेही जळणेच. आणि इंग्रजी इन्फ्लमेशन हा शब्द ज्वाला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. सूज आलेला भाग लाल होतो, तापतो, चुरचुरतो. तो पाहून तिन्ही भाषांना आगच सुचली! इंग्रजीत या 'येन'चे काम 'आयटिस' हा ग्रीक प्रत्यय करतो. हेपाटायटिस, नेफ्रायटिस, गॅस्ट्रायटिस. हेपार म्हणजे यकृत, नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड, गॅस्टर म्हणजे जठर, एवढे एकदा कळले की कोडे सुटले. टॉन्सिलायटिस आणि अपेंडिसायटिस हे शब्द तुम्ही घरी ऐकले असतीलच. त्यांची फोड आता तुम्हीच करा.

ल्युकेमिया या शब्दाची गंमत तर याहून मोठी. ल्युकॉस म्हणजे पांढरे, हायमा म्हणजे रक्त. चिनी शब्द आहे 'बाय-श्वे-बिंग', म्हणजे पांढऱ्या रक्ताचा रोग. शब्दाची बांधणी तीच, माती वेगळी. हजार शब्दांची यादी पाठ करायला लावणाऱ्या शिक्षकाने हे दाखवलेच नाही, तर विद्यार्थिनीचा दोष काय?

पण धातू आणि प्रत्यय आले म्हणजे वाचता आले, असे मात्र समजू नका. लांबलचक ग्रीक शब्द दिसायलाच भयंकर असतात. ते कोशात सापडतात आणि त्यांचा अर्थ सहसा एकच असतो. खरी ठेच लागते ती साध्या शब्दांना. 'कल्चर' म्हणजे संस्कृती हे शाळेत शिकवलेले असते, प्रयोगशाळेत मात्र तो बशीत वाढवलेल्या जंतूंचा संच असतो. 'स्टूल' म्हणजे बसायची तिवई, आणि रुग्णालयात मल. 'कम्प्लेंट' म्हणजे कोणाविरुद्धचे गाऱ्हाणे नव्हे, तर रुग्ण सांगतो तो त्रास. त्याहूनही फसवे म्हणजे 'मे' सारखे इवलेसे शब्द. औषधाने गुण येतो, आणि औषधाने गुण येऊ शकेल, या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! शोधनिबंध लिहिणारा ते अंतर जपून लिहितो. वाचणाऱ्याने ते गिळले, तर निबंध वाचून तो न वाचणाऱ्यापेक्षा अधिक चुकतो.

वाक्यरचनेचीही अडचण आहेच. चिनीत विशेषणे आणि विशेषण-वाक्ये नामाच्या आधी येतात. आपणही 'काल तापाने फणफणून दाखल झालेला मुलगा' म्हणतो, मुलगा सर्वांत शेवटी. इंग्रजीत मुलगा आधी येतो आणि ताप, काल, दाखल होणे ही सारी शेपटी त्याच्यामागून फरपटत येते. म्हणून चिनी वाचकाला आधी नाम आणि क्रियापद शोधायची आणि मग शेपटी सोडवायची, अशी सवय लावली पाहिजे. माझा आग्रह आहे तो यासाठी. उच्चार, संभाषण, पाहुण्यांशी गप्पा हे मागाहून येऊ द्या.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सारे वैद्यक इंग्रजीतूनच का शिकवू नये? चीनमध्ये तेही करून झाले आहे. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या पैशावर इंग्रजीतून शिक्षण दिले जाई, आणि तेथून नामवंत डॉक्टर बाहेर पडले. पण ते होते मूठभर. जीनान येथील चीलू विद्यापीठाने त्याच काळात चिनीतून वैद्यक शिकवले. तैवानमध्ये तर पुढे डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी इंग्रजीत लिहायची प्रथाच पडली. डॉक्टरला ती सोयीची. पण आपल्याच दुखण्याची नोंद रुग्णाला वाचता येऊ नये, हे मला काही पटत नाही.

केवळ चिनीवर थांबावे, असेही म्हणता येत नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिनची कथा पाहा. या शोधासाठी तू यूयू या संशोधिकेला 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात त्यांना एक उतारा सापडला. वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी, असे त्यात होते. उकळावी असे नव्हते. उष्णतेने औषधी अंश नष्ट होत असावा, असे त्यांनी ताडले आणि सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरून तो अर्क काढला. ऑक्टोबर 1971 मध्ये उंदरांवरील प्रयोगात तो पूर्ण गुणकारी ठरला. ग्रंथात काय लिहिलेले नाही हेही वाचणे, याला मी वाचन म्हणतो! पण हे काम लष्करी गुप्ततेत चालले होते. शोधाची पहिली हकिगत 1977 मध्ये चिनीत छापली गेली, इंग्रजी हकिगत 1979 मध्ये आली. हिवतापाची माणसे मात्र आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात होती. याउलट, वुहानमधील पहिल्या 41 कोविड रुग्णांचे वर्णन चिनी डॉक्टरांनी 24 जानेवारी 2020 रोजी 'लॅन्सेट'मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले, आणि जगभरच्या डॉक्टरांना ते लगेच वाचता आले.

इंग्रजी हवी, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कोणाला, किती आणि कशासाठी हा. चीनमध्ये डॉक्टरांनाही बढतीसाठी परकीय भाषेची परीक्षा द्यावी लागे. खेड्यातल्या दवाखान्यात आयुष्य घालवणाऱ्या डॉक्टरची पारख व्याकरणाच्या गुणांनी का व्हावी? 2017 मध्ये सरकारने ती सरसकट अट काढली, हे योग्यच झाले. पण परीक्षा गेली म्हणून वाचनही गेले, तर ते वाईट. शिक्षकांनी आता गुणांऐवजी औषधाची माहितीपत्रके आणि खरे शोधनिबंध वर्गात आणावेत.

भाषा कामापुरती पण पक्की कशी शिकावी, याचे एक उदाहरण आपल्याच सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत, इंग्रजीतून झालेले. तेथे ते चिनी बोलायला आणि वाचायला शिकले. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाल्यावर ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवत, तेही चिनीतून. डिसेंबर 1942 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांसाठी ते शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते.