चोवीस ते छत्तीस महिने

घोडबंदर मार्गावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यालगत नव्या गृहसंकुलाची नोंदणी सुरू झाली की पहिल्या खरेदीदारांत राहण्यासाठी घर घेणारे आणि ताब्याआधीच ते विकू पाहणारे असे दोन वर्ग असतात, आणि करकायद्याचे झुकते माप कोणाकडे आहे, हे करसल्लागारांना ठाऊक असते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातील गुंतवणूकदारविषयक तरतुदीनुसार विकासकाकडून घेतलेली सदनिका ठरावीक मुदतीत पुढे विकल्यास आधी भरलेल्या शुल्काची वजावट नव्या करारावर मिळते. ही मुदत 2022 मध्ये एका वर्षावरून तीन वर्षे करण्यात आली. इकडे प्राप्तिकरात, 23 जुलै 2024 पासून, बांधकामाधीन सदनिकेतील हक्क 24 महिन्यांहून अधिक काळ बाळगल्यास त्यावरील नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांऐवजी त्यावर 12.5 टक्के दराने (अधिभार व उपकर वेगळे) कर लागतो. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या तर चोविसाव्या महिन्यानंतरचे एक वर्ष गुंतवणूकदाराला दुहेरी फायद्याचे होते. शुल्काची वजावट कागदोपत्री दुसऱ्या खरेदीदाराला मिळते खरी, परंतु मागणी तेजीत असताना ती विक्रीच्या किमतीतच मुरते.

गुंतवणूकदाराच्या आगाऊ पैशावर बांधकाम उभे राहते, हा विकासकांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि वडाळा-कासारवडवली किंवा ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोसारख्या सार्वजनिक खर्चातून वाढलेले मूल्य त्यामुळे कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न उरतोच.

नव्या करप्रणालीने ही विषमता वाढवली आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट तेथे मिळत नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या भाड्यातून मात्र 30 टक्के प्रमाणित वजावट आणि व्याज वजा करता येते, फक्त त्यातून आलेला तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नाविरुद्ध वळता करता येत नाही. शिवाय 2019 पासून दुसऱ्या स्वनिवासी घराचे काल्पनिक भाडे, म्हणजे घर रिकामे असले तरी गृहीत धरले जाणारे उत्पन्न, करमुक्त झाले आणि 2025 मध्ये त्यासाठीच्या अटीही गेल्या. त्यामुळे डोंबिवलीतील कुलूपबंद दुसऱ्या सदनिकेवर प्राप्तिकराचा कोणताही भार उरला नाही.

अर्थसंकल्पपूर्व निवेदनांत करसल्लागार संघटना विवरणपत्रांच्या मुदतवाढीवर बरीच शाई खर्च करतात. त्याऐवजी मुद्रांक शुल्काची वजावट अन्य घर नसलेल्या दुसऱ्या खरेदीदारापुरती मर्यादित करावी आणि पहिल्या घरात राहणाऱ्या कर्जदाराला नव्या प्रणालीतही व्याजाची वजावट मिळावी, या दोन मागण्या पुढे याव्यात. पहिली मंत्रालयाकडे, दुसरी केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे.