कापण्याआधी मोजा

मागच्या सत्रात माझ्या वर्गातील एका मुलाने मला एक चित्र दाखवून विचारले, "सर, आमच्या जुन्या मोटारसायकलचा फोर्क असाच लांब करून घेऊ का?" चित्र १९६९ च्या 'ईझी रायडर' या अमेरिकन चित्रपटातील मोटारसायकलचे होते. मी उलट विचारले, "मोजलेस का?" तो गोंधळला.

अशा गाडीला 'चॉपर' म्हणतात. चॉप म्हणजे तोडणे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील तरुणांनी, त्यांत परतलेले सैनिकही होते, जड मोटारसायकलींचे मडगार्ड कापून त्या हलक्या केल्या. पुढे सांगाडाच कापून फोर्क लांब व तिरपा करण्याची प्रथा पडली. चित्रपटातील गाड्या पोलिसांनी लिलावात काढलेल्या हार्ले-डेव्हिडसनपासून तयार केलेल्या होत्या. क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या लॉस एंजेलिसच्या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा त्यांत मोठा वाटा होता. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे नव्हती. कारागिराच्या कामाला आपण विद्या मानत नाही, ही चूक केवळ तिकडचीच नाही. माझ्या मते चांगला चॉपर बनविणे हे करवतीचे काम कमी आणि भूमितीचे अधिक आहे.

कसे ते पाहा. हँडल ज्या तिरप्या रेषेभोवती फिरते, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवा. चाक जमिनीला टेकते तो बिंदू तिच्या मागे असतो. या दोन बिंदूंमधील अंतराला 'ट्रेल' म्हणतात. चाकांच्या खुर्चीचे चाक जसे आपोआप मागे वळते, तसे ट्रेलमुळे पुढचे चाक सरळ राहू पाहते.

समजा, चाकाची त्रिज्या ३० सेंमी आहे आणि चाकाचा आस त्या रेषेच्या ५ सेंमी पुढे आहे. रेषा उभ्या दिशेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर ट्रेल सुमारे ११.५ सेंमी येतो. आता फक्त कोन ४५ अंश करा. ट्रेल सुमारे २३ सेंमी, म्हणजे दुप्पट होतो! अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर सरळ धावते. पण गल्लीत सावकाश वळताना हँडल एका बाजूला कोसळू पाहते. जाणकार कारागीर मग फोर्क धरणारे क्लॅम्प तिरपे बसवून आस आणखी पुढे नेतो. ५ ऐवजी १३ सेंमी केले, की ट्रेल पुन्हा ११.६ सेंमीवर येतो. मात्र हेच अंतर २१ सेंमीच्या पलीकडे गेले, तर ट्रेल ऋण होतो आणि चाक सरळ राहण्याऐवजी उलटे फिरू पाहते. भरधाव वेगात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. फोर्कच्या चमकदार नळीकडे सर्वांचे लक्ष जाते. स्वाराचा जीव मात्र या न दिसणाऱ्या अंतरावर अवलंबून असतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की हा पाठ सायकलवर घ्यावा. सायकल सरळ उभी धरा. हँडलच्या नळीला समांतर, तिच्या मध्यरेषेतून एक काठी जमिनीपर्यंत धरा. चाकाच्या आसातून ओळंबा सोडा. दोन खुणांमधील अंतर पट्टीने मोजा आणि वरच्या रीतीने गणित करून ताडून पाहा. त्रिकोणमिती कशासाठी शिकायची, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारणार नाही.

घरच्या मोटारसायकलला मात्र हात लावू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. कागदावर हवा तेवढा फोर्क वाढवा. तेथे चूक झाली तर खोडरबर पुरते.

तो मुलगा आठवड्याने वही घेऊन आला. त्यात मोटारसायकलची आकृती होती आणि तिच्याखाली त्याने काढलेला ट्रेल. मला वाटते, त्याचा चॉपर तेथूनच सुरू झाला.