छाती सांधते, मन मागे राहते

धामणगाव बढे भागात बायपास करून कुणी घरी आला, की पहिला प्रश्न: वखर कधी धरणार? जरा थांबा. छातीचे हाड सांधायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर भरली घागर, खताचे पोते, फवारणीचा पंप उचलू नये. चालणे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे वाढवावे. तंबाखू कायमची बंद. (हे सांगितले की बैठकीत पुष्कळजण आढ्याकडे बघतात!)

माणूस रडवेला होतो, चिडतो, रात्र जागून काढतो. त्याला सोंग म्हणू नका; ऑपरेशननंतर असे पुष्कळांना होते. दोन आठवड्यांत ओसरले नाही, तर डॉक्टरांना सांगा. कर्जाचा विषय उठल्याबसल्या काढू नका. पण कारभारातून त्याला बाजूलाही सारू नका. यंदा कपाशी किती, तूर किती, हे त्यालाच विचारा.