गिअर आपोआप पडतो, गाडी मात्र चालकच चालवतो



पणदरे, माळेगाव भागातील आपले तरुण उसाच्या ट्रॅक्टरवर हात बसला की पुण्याला मालकाच्या मोटारीवर चालक म्हणून जातात. तिथे हल्ली बिनक्लचची गाडी हाती येते. 2014 साली मारुतीची सेलेरिओ आली आणि अशा गाड्या मध्यमवर्गाच्या दारातही उभ्या राहू लागल्या. पण गाडी ओढेना, धक्के देऊ लागली की पहिला ठपका चालकावर येतो आणि कात्री लागते त्याच्या पगाराला. म्हणून हे यंत्र आपण समजून घेतलेच पाहिजे.

अशा गाड्यांचे प्रकार अनेक. त्यातले दोन सांगतो. ‘एएमटी’मध्ये क्लचप्लेट आणि गिअर साध्या गाडीसारखेच असतात. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम संगणकाच्या हुकमाने होते. ‘टॉर्क कन्व्हर्टर’च्या गाडीत इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचते.

एएमटी गाडी चढावर नुसत्या एक्सलेटरवर तोलून धरू नये. प्लेट घासते आणि जळते. ब्रेक लावूनच थांबावे. गिअर बदलतेवेळी एक्सलेटरवरचा पाय किंचित सैल केला की धक्का कमी बसतो. टॉर्क कन्व्हर्टरचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. त्याचे तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच हवे. ते काळपट झाले, जळका वास आला, तर मालकाला त्याच दिवशी सांगावे. शक्य तर तारीख घालून लिहून द्यावे. तो कागद उद्या आपली बाजू सांगेल. गाडी कोणतीही असो, ती पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये. डावा पाय मोकळा ठेवावा. ब्रेक आणि एक्सलेटर दोन्ही उजव्याच पायाने.

पणदऱ्याहून नीरा, जेजुरी, सासवडमार्गे पुण्याला जाताना दिवे घाट उतरावा लागतो. ‘उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचते,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकीव गोष्ट पडताळून पाहा, हीच तथागतांची शिकवण. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की उतारावर इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. शिवाय इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून उतरताना खालचा गिअर ठेवावा. परतीच्या चढालाही तोच ठेवावा. गिअर सारखा वर-खाली होत नाही, गाडी जोमाने चढते.

घरातल्या भगिनींनो, क्लचची धास्ती नसलेली ही गाडी तुम्हीही शिकून घ्या. परवाना काढा, यंत्राची माहिती ठेवा. ज्याला आपल्या कामातले कळते, त्याच्यावर खोटा आळ घेणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.