चार रात्री एकाच गावी

“पाणदरवाजा म्हणता, मग समुद्र कुठाय?”

वेल्समधल्या हार्लेख किल्ल्याच्या तटावर उभ्या राहून साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला हे विचारले. मे महिना संपत आला होता. खाली गोल्फचे हिरवे मैदान, पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्याही पलीकडे पाण्याची एक चमकती रेघ. किल्ल्याच्या पायथ्याशी चक्क आगगाडीचे स्टेशन. १२८३ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने या कड्यावर काम सुरू केले, तेव्हा भरतीचे पाणी कड्याखाली येत असे. कड्याच्या अंगाने तटबंदीतून खाली उतरणाऱ्या १०८ पायऱ्या आणि तळाशी पाणदरवाजा होता. १२९४ साली वेल्श लोकांनी उठाव केला, किल्ल्याला वेढा पडला, पण आयर्लंडहून गलबतांतून आलेली रसद याच पायऱ्यांनी वर चढली आणि किल्ला टिकला. पुढे वाळू साठत गेली आणि समुद्र मागे सरकला.

“म्हणजे जलदुर्गाचा गिरिदुर्ग झाला की हो!” बाई म्हणाल्या आणि बुरुजाच्या सावलीत पाऊण तास बसून राहिल्या. त्यांना उठवायची मला घाई नव्हती, कारण आमचा मुक्काम त्याच गावात होता.

सहल-व्यवसायातल्या मित्रांनो, या महिन्याचे संपादकीय त्या पाऊण तासाबद्दल आहे. आपल्या ब्रिटनच्या कार्यक्रमांत तो कुठेच सापडत नाही. लंडन, बाथ, स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट, एडिनबरा. आठ दिवस, पाच-सहा हॉटेले, रोज सकाळी सातला सामान दाराबाहेर. वाटेत एखादा किल्ला आलाच तर वीस मिनिटांचा फोटो स्टॉप. पौंड शंभर रुपयांच्या पार गेल्यापासून आपण सगळे कॉस्टिंग कमी करण्याच्या मागे लागलो आहोत, आणि कात्री लावतो ती जेवणाला, हॉटेलच्या दर्जाला आणि प्रवेश तिकिटांना. माझे म्हणणे असे की कात्री भलतीकडे लागते आहे. ब्रिटनच्या सहलीत पैसा खातो तो रोजचा प्रवास आणि शहरातल्या हॉटेलांची अदलाबदल. ती कमी करा, चार रात्री एका लहान गावी काढा. सहल स्वस्त होईल आणि पाहुण्यांना आजच्यापेक्षा जास्त पाहायला मिळेल.

कोचचेच घ्या. तिथल्या नियमाप्रमाणे चालकाने साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. म्हणजे लांबच्या टप्प्याच्या दिवशी पाहुणे खिडकीतून शेते आणि मेंढ्या पाहतात, आणि आपण त्याचे पूर्ण भाडे भरतो. मुक्काम एका जागी असेल तर त्या चार दिवसांत कोच लागतच नाही. बस आणि आगगाडी पुरते.

वायव्य वेल्समधला ग्विनेद हा भाग मी उदाहरण म्हणून घेतो, कारण तो मला चांगला ठाऊक आहे आणि मराठी पाहुण्याला त्याच्याइतका जवळचा वाटणारा दुसरा मुलूख ब्रिटनमध्ये मला दिसलेला नाही. हार्लेख, कॉनवी, कायर्नारव्हन आणि ब्यूमारिस हे एडवर्डचे चार किल्ले १९८६ साली जागतिक वारसा यादीत गेले. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच यादीत रायगडापासून जिंजीपर्यंतचे आपले बारा किल्ले आले. किल्ला कसा पाहायचा हे आपल्या पाहुण्याला शिकवावे लागत नाही. शाळेच्या सहलीपासून तो तट, बुरूज, जंग्या, खंदक हे शब्द वापरत आला आहे. पण तिथे गेल्यावर आपला टूर मॅनेजर इंग्रजी पाटी वाचून दाखवतो आणि पाहुणा परका होतो. त्याला एवढेच सांगा, की आपला महादरवाजा बुरुजांच्या आड दडलेला असतो, वळसा घेतल्याशिवाय दिसत नाही. हार्लेखचा दरवाजा मात्र सरळ समोर उभा आहे, दोन दांडग्या बुरुजांच्या मधोमध, आत एकामागोमाग एक दारे आणि वरून सोडायच्या जाळ्या. लपण्यावर भिस्त नाही, सगळी भिस्त वजनावर. हे एक वाक्य ऐकले की आमचे पाहुणे दारातल्या खाचांवरून हात फिरवायला लागतात. मी हे कितीदा तरी पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे चारही किल्ले जिंकणाऱ्याचे आहेत, वेल्श लोकांना दाबात ठेवण्यासाठी बांधलेले. हरलेल्यांचे किल्लेही तिथे आहेत आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. लानबेरिसच्या तळ्याकाठी डोलबादर्नचा एकटा गोल बुरूज आहे, वेल्श राजा लवेलिन याच्या काळातला. ना फाटक ना पहारेकरी, गवतातून पायवाटेने चढायचे. दक्षिणेला एका दरीत कास्तेल अ बेरे आहे, तोही लवेलिनचाच. आणि खुद्द हार्लेख १४०४ साली ओवेन ग्लिंडोर या वेल्श सरदाराने जिंकून घेतला, तिथे आपले ठाणे केले आणि १४०९ पर्यंत तो राखला. मराठी माणसाला ही कथा दोनदा सांगावी लागत नाही.

कॉनवीला किल्ल्याचे तिकीट आहे, गावाच्या तटाला नाही. एकवीस बुरुजांचा सव्वा किलोमीटर तट जवळजवळ पूर्ण उभा आहे आणि त्यावरून फुकट चालता येते. एका बाजूला खाडी आणि होड्या, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसातल्या वाळत घातलेल्या चादरी. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली तेव्हा तट पाडला नाही, त्यात एक कमान काढून रूळ आत घेतले. वरच्या कोपऱ्यातल्या बुरुजाजवळ उभे राहिले की किल्ल्याचे आठही बुरूज आणि खाडी एका नजरेत येते. पाहुण्यांना आधी तटावरून फिरवा, मग किल्ल्यात न्या. हा क्रम उलटा झाला की पाय दमतात आणि तट राहून जातो.

ब्यूमारिस अपुरा राहिलेला किल्ला आहे. कायर्नारव्हन भव्य आहे आणि तिथे गर्दीही असते. वेळ कमी असेल तर दोन्हींपैकी मी ब्यूमारिस निवडेन, खंदकातल्या पाण्यासाठी.

वेल्समधले ऐतिहासिक ठेवे कादू ही सरकारी संस्था सांभाळते. तिच्या नावाचा अर्थच जपणे असा आहे. परदेशी पाहुण्यांना तिचा तीन किंवा सात दिवसांचा पास मिळतो. चार किल्ले पाहायचे असतील तर सुटी तिकिटे काढण्याआधी पासचा हिशेब जरूर मांडा. मात्र नॅशनल ट्रस्टच्या वास्तू वेगळ्या, तिथे हा पास चालत नाही. क्वोट देताना आपल्यातल्या अनेकांचा इथे गोंधळ होतो.

संग्रहालयांच्या बाबतीत वेल्सने २००१ सालीच राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क काढून टाकले. लानबेरिसचे पाटीच्या दगडाचे संग्रहालय त्यांतलेच. डिनोर्विकची खाण १९६९ साली बंद पडली, तिच्या कारखान्यातच तीन वर्षांनी संग्रहालय उघडले. पंधरा मीटरहून मोठ्या व्यासाचे पाणचक्र तिथे आहे, पण मला आवडतात ती खाणकामगारांची घरे. तानग्रिसिआव गावातली चार घरांची ओळ दगड-दगड सुटा करून इथे आणून उभी केली आहे. एक घर १८६१ सालचे, एक १९०१ चे, एक खाण बंद पडली त्या १९६९ चे. चूल बदलते, खुर्ची बदलते, भिंतीवरचे चित्र बदलते, खोली तेवढीच राहते. गिरणगावातल्या चाळीत वाढलेला पाहुणा तुमच्या गटात असेल तर त्याला इथे एकट्याला थोडा वेळ द्या. हे संग्रहालय नूतनीकरणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून बंद झाले आहे. पुन्हा उघडल्याची खात्री करूनच ते कार्यक्रमात छापा.

समुद्राला तर तिकीटच नाही. २०१२ पासून वेल्सच्या सगळ्या किनाऱ्याला धरून ८७० मैलांची पायवाट आहे. तिच्यातले दोन मैल आपल्या साठीच्या पाहुण्यांनाही सहज जमतात. बार्मथला गावाच्या डोक्यावर दिनास ओलाय नावाचा चढ आहे, साडेचार एकरांचा. १८९५ साली फॅनी टॅलबट या बाईंनी तो नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला दिला. ट्रस्टला मिळालेली ही पहिली जमीन. वर बाक आहे, समोर खाडीवरचा लांबलचक लाकडी रेल्वेपूल आहे. डबा तिथेच उघडा.

आता धोक्याच्या जागा. बर्मिंगहॅमकडून येणारी गाडी माखन्लेथला दोन भागांत सुटी होते. एक भाग अॅबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्याने पुल्हेलीकडे. एकदा आमचे चार पाहुणे चुकीच्या डब्यात बसले, आणि ती चूक माझी होती, मी चढताना डबे मोजून सांगितले नव्हते. त्यांना गाठेपर्यंत अर्धा दिवस गेला आणि त्यांतल्या एका आजीबाईंचे औषध माझ्या पिशवीत होते. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याच्या हातात मी डब्याची चिठ्ठी देतो. किनाऱ्याच्या या गाड्या साधारण दोन तासांनी एक अशा आहेत. लहान स्टेशनांवर हात दाखवल्याशिवाय गाडी थांबत नाही, अगदी आपल्या एसटीसारखे. उतरायचे असेल तर तिकीट तपासनिसाला आधी सांगावे लागते. रविवारी बस फारच कमी, काही मार्गांवर नाहीच. मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी असतात. तेव्हा रविवार किल्ल्याच्या गावातच काढा. इंग्लंडमध्ये बसभाड्यावर असलेली तीन पौंडांची मर्यादा वेल्सला लागू नाही, ती धरून हिशेब करू नका. आणि मे महिना आपल्या हंगामाचा असला तरी त्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिथे सुट्टीचा असतो, शेवटच्या आठवड्यात शाळांनाही सुट्टी असते. त्या दिवसांत खोल्यांचे दर चढतात. मधले दोन आठवडे पकडा. उजेड रात्री नवापर्यंत असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी नसते.

जेवणाचे काय, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. स्वयंपाकघर असलेले घर किंवा हॉस्टेल घ्या. तिथल्या युवा हॉस्टेलांच्या संस्थेचे पहिले हॉस्टेल १९३० साली याच कॉनवीच्या खोऱ्यात उघडले होते, आणि आज तिच्या बहुतेक हॉस्टेलांत पाहुण्यांना स्वतः रांधता येते. बारा जणांच्या गटाला खिचडी, पिठले आणि गावच्या दुकानातला ताजा पाव पुरतो. आमच्या गटात तर संध्याकाळचा स्वयंपाक हाच सगळ्यांच्या गप्पांचा वेळ झाला. अमुक हॉटेलात भारतीय बुफे असे जाहिरातीत छापण्यापेक्षा आपले स्वयंपाकघर असे छापा. ज्येष्ठ पाहुण्यांना त्याचा अर्थ लगेच कळतो.

एका ठिकाणी मात्र पैसे वाचवू नका. येताना किंवा जाताना वेल्शपूलला उतरा आणि पोविस किल्ला पाहा. नॅशनल ट्रस्टचे तिकीट महाग आहे, ते मान्य. पण रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचे लग्न या किल्ल्याच्या मालकांच्या घराण्यात झाले आणि बापलेकांनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे येऊन पडल्या. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर हाती लागलेला टिपू सुलतानचा फुलांच्या छापाचा तंबू तिथे आहे. पुढे तो किल्ल्यातल्या बागेतल्या मेजवान्यांसाठी उभारला जात असे. टिपूच्या सिंहासनावरचे वाघाचे एक रत्नजडित मस्तकही तिथेच आहे. पाहुणे या दालनात गप्प होतात. त्यांना घाई करू नका, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवा. ती उत्तरे देणे हे आपल्या धंद्याचे काम आहे. तिथल्या पाट्या पूर्वीपेक्षा बोलक्या झाल्या असल्या तरी मराठीत बोलणारे तिथे आपणच असतो.

चार रात्रींचा कार्यक्रम विकायला अवघड जातो, असे अनेक मित्र सांगतात. जाहिरातीत ठिकाणांची संख्या कमी दिसते आणि शेजारचा संयोजक आठ दिवसांत चौदा ठिकाणे दाखवतो. हे खरे आहे. पण परत येणारा पाहुणा आणि त्याने पाठवलेला पाहुणा हाच आपल्या धंद्याचा कणा आहे, आणि सातला सामान बाहेर ठेवून दमलेला माणूस दुसऱ्याला पाठवत नाही. त्या शिक्षिकाबाईंनी यंदा आपल्या दोन बहिणींची नावे नोंदवली आहेत.

पुढच्या उन्हाळ्याच्या पुस्तिका दिवाळीनंतर छपाईला जातील. त्याआधी आपल्या ब्रिटनच्या कार्यक्रमात एक तरी चार रात्रींचा गावमुक्काम घाला, वेल्समध्ये नाही तर नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर किंवा कॉर्नवॉलमध्ये. तुमच्या टूर मॅनेजरला आधी एकट्याला तिथे पाठवा, तटावरून चालू द्या, गाडीला हात दाखवू द्या. आणि सहल संपल्यावर तिचा खरा हिशेब आमच्याकडे पाठवा, तोट्याचा असला तरी. आम्ही तो छापू.